लाकडाची वाट

(यंत्रे विकत घेतली की काम आपोआप लवकर होते, असे आपल्याला वाटते. पण यंत्र कोठे ठेवायचे, कसे जुळवायचे आणि त्याच्याभोवती किती जागा सोडायची, हे ठरवल्याशिवाय यंत्राचा खरा उपयोग होत नाही. कपाटांच्या एका लहान कारखान्याच्या उदाहरणावरून लेखकाने ही गोष्ट या पाठात समजावून दिली आहे.)

तुमच्या वर्गात एखादे लाकडी कपाट असेल. उद्या शाळेत गेलात की त्याच्यासमोर उभे राहा. दार अर्धे उघडा आणि हात काढून घ्या. दार तेथेच राहते, की आपोआप फिरते? दोन दारांमधली फट वर आणि खाली सारखीच आहे का? कप्प्यावर पेन्सिल ठेवली तर ती घरंगळते का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या कपाटाची अर्धी गोष्ट तुम्हांला कळेल. उरलेली अर्धी गोष्ट कळण्यासाठी ते जेथे तयार झाले, त्या कारखान्यात जावे लागेल.

आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांचा असा कारखाना आहे. त्यांना सगळे 'मिस्त्री' म्हणतात. वीस वर्षे त्यांनी हातकरवत, रंधा आणि पटाशी यांवर काम केले. नंतर बँकेचे कर्ज काढून त्यांनी चार यंत्रे घेतली. पहिले, लाकूड आणि प्लायवूड कापणारी गोल करवत. दुसरे, लाकडाची बाजू सरळ करणारे रंधा मशीन. तिसरे, फळीची जाडी सगळीकडे सारखी करणारे थिकनेस मशीन. चौथे, भोके पाडणारे ड्रिल मशीन. त्याच सुमारास आमच्या शाळेने वाचनालयासाठी दहा कपाटांचे काम त्यांना दिले. १५ जूनला शाळा उघडण्यापूर्वी ती कपाटे हवी होती.

मार्च महिन्यात तो मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"सर, अब्बा यंत्रे विकून टाकणार म्हणतात. पूर्वी हाताने काम व्हायचे, तेवढेही आता होत नाही. आणि काल करवतीवरची फळी उलटली. मदतनिसाच्या पोटाला मार बसला."

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही कारखान्यात गेलो. मिस्त्रींनी आधी विजेचा मुख्य खटका बंद केला. मग मुलांना आत घेतले.

"चार यंत्रे घेतली आणि चार नवी दुखणी घेतली, सर," ते म्हणाले. "दोन कपाटे झाली आहेत. दोन्हींची दारे नीट बसत नाहीत."

यंत्रांत दोष नव्हता. दोष मांडणीत होता. टेंपोतून जे यंत्र जेथे उतरले, तेथेच ते राहिले होते. जड करवत फाटकाजवळ उतरली, म्हणून ती फाटकाजवळ. प्लायवूड अडचण करू नये, म्हणून ते अगदी मागे. त्यातलेही काही ताव करवतीच्या पाठीमागे उभे करून ठेवलेले. पट्ट्या लावण्याचे टेबल मागे, ड्रिल मशीन पुन्हा फाटकाशी आणि कपाट जोडण्याची जागा पुन्हा मागे.

मुलांनी लांब फीत घेऊन मापे टिपली. कारखाना ४० फूट लांब आणि २० फूट रुंद होता. फाटक एकच होते. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. एक सेंटिमीटर म्हणजे एक फूट, असे प्रमाण धरले. मग एक टाचणी प्लायवूडच्या जागी टोचली, दुसरी करवतीच्या जागी, तिसरी पट्ट्यांच्या टेबलावर, चौथी ड्रिल मशीनवर आणि पाचवी जोडणीच्या जागी. ज्या क्रमाने काम होते, त्या क्रमाने टाचण्यांना दोरा गुंडाळला.

कागदावर मागेपुढे धावणाऱ्या दोऱ्याचे जाळे तयार झाले. दोरा सोडवून मोजला. प्लायवूडपासून करवतीपर्यंत ३५, तेथून पट्ट्यांच्या टेबलापर्यंत ३५, तेथून ड्रिल मशीनपर्यंत ३० आणि परत जोडणीच्या जागेपर्यंत ३०. एकूण १३० सेंटिमीटर. म्हणजे खऱ्या कारखान्यात १३० फूट.

आता हिशेब करा. एका कपाटाला दोन बाजू, एक माथा, एक तळ, चार कप्पे आणि दोन दारे असे दहा मुख्य भाग असतात. एका वेळी एकच भाग नेला आणि माणूस रिकाम्या हाताने परत आला, तर एका भागामागे २६० फूट चालणे झाले. दहा भागांचे २,६०० फूट. दहा कपाटांचे २६,००० फूट. म्हणजे जवळजवळ आठ किलोमीटर!

"आठ किलोमीटर?" मिस्त्री म्हणाले. "मी कपाटे करतो, की टपाल वाटतो?"

यानंतर आम्ही पुठ्ठ्याचे लहान तुकडे कापले. प्रत्येक तुकडा एका यंत्राच्या मापाचा. खरे यंत्र हलवायला चार माणसे लागतात. पुठ्ठ्याचे यंत्र एका बोटाने हलते. मांडणी बदलून पाहायची असेल, तर ती आधी कागदावर बदलावी.

मांडणी करताना एकच नियम धरला: लाकूड एका दिशेने पुढे जावे, मागे फिरू नये. फाटक एकच असल्यामुळे सरळ रेघेत मांडणी शक्य नव्हती. म्हणून घोड्याच्या नालेसारखी वाट ठरवली. उजव्या हाताने लाकूड आत यावे, मागच्या भिंतीशी वळावे आणि डाव्या हाताने कपाट होऊन बाहेर पडावे.

फाटकातून आत आले की उजवीकडे प्लायवूडची घोडी ठेवायची ठरली. टेंपोतून उतरलेला ताव दोन पावलांत जागेवर गेला पाहिजे. त्याच्या पुढे गोल करवत. पण करवतीला किती जागा हवी? प्लायवूडचा पूर्ण ताव ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असतो. कापायला सुरुवात करताना तो सगळा पात्याच्या अलीकडे असतो. कापून झाल्यावर तो सगळा पात्याच्या पलीकडे जातो. म्हणून अलीकडे ८ फूट, पलीकडे ८ फूट आणि मध्ये यंत्राचे ३ फूट मिळून १९ फूट मोकळी लांबी हवी. करवत स्वतः ३ फुटांची असली, तरी तिचे अंगण १९ फुटांचे असते. ही जागा रिकामी दिसते, पण ती कामाची जागा आहे. तेथे काहीही रचून ठेवू नये.

करवतीच्या पलीकडे एक टेबल हवे. ते करवतीच्या पाटापेक्षा केसभर खाली असावे. वर असेल तर ताव त्याला अडकतो. फार खाली असेल तर कापलेला ताव लोंबकळतो.

प्लायवूडच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवत नाहीत. त्यांवर सागवानाची पातळ पट्टी चिकटवतात. त्या पट्टीसाठी सागाची फळी आधी सरळ करावी लागते. येथे पुष्कळ लोक चूक करतात. फळी वाकडी असेल तर ते ती थेट थिकनेस मशीनमध्ये घालतात. पण थिकनेस मशीन फळीच्या दोन बाजू समांतर करते. वाकडी फळी सरळ करत नाही. यंत्रातले रूळ फळीला दाबून धरतात, म्हणून ती आत सपाट होते. बाहेर आली की पुन्हा वाकते. म्हणून आधी रंधा मशीनवर एक बाजू आणि एक कड सरळ करायची. नंतर थिकनेस मशीनवर दुसरी बाजू पहिलीला समांतर करायची. शेवटी करवतीवर पट्ट्या काढायच्या. काम या क्रमाने चालते, म्हणून ही दोन यंत्रे शेजारी-शेजारी असावीत. रंधा मशीनमधून फळी लांबीच्या दिशेने जाते. त्यामुळे ते भिंतीला समांतर ठेवले तरी चालते. आम्ही ही जोडी मागच्या भिंतीशी ठेवली. ड्रिल मशीनला मागे जागा लागत नाही, फक्त दोन्ही बाजूंना लागते. म्हणून ते डाव्या भिंतीला टेकवून ठेवले. त्याच्यापुढे जोडणीचे टेबल आणि मग फाटक.

नव्या नकाशावर पुन्हा दोरा गुंडाळला. प्लायवूड ते करवत १०, करवत ते पट्ट्यांचे टेबल १२, तेथून ड्रिल मशीन १० आणि तेथून जोडणीची जागा १०. एकूण ४२. पूर्वीच्या आठ किलोमीटरांच्या जागी आता सुमारे अडीच किलोमीटर! शिवाय मिस्त्रींनी चार चाकांची एक ढकलगाडी केली. एका कपाटाचे सगळे भाग तिच्यावर एकदम जाऊ लागले. त्यामुळे चालणे आणखी कमी झाले.

कामाच्या क्रमाने यंत्रे मांडण्याची ही युक्ती काही आजची नाही. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील पोर्ट्स्मथ येथे आरमाराची मोठी गोदी होती. तेव्हाच्या जहाजांना शिडे असत. शिडांचे दोर ओढण्यासाठी लाकडी कप्प्या लागत. एका मोठ्या लढाऊ जहाजावर सुमारे एक हजार कप्प्या असत. त्या कारागीर हाताने करत. सॅम्युएल बेंथॅम या अधिकाऱ्याच्या काळात मार्क ब्रुनेल यांनी या कामासाठी यंत्रांची आखणी केली आणि हेन्री मॉडस्ले यांनी ती यंत्रे घडवली. कापणे, भोक पाडणे, खाच घेणे, आकार देणे, अशा प्रत्येक कामाला वेगळे यंत्र होते. वाफेवर चालणारी अशी ४५ यंत्रे कामाच्या क्रमाने बसवली होती. १८०८ साली तेथे वर्षाला १,३०,००० कप्प्या तयार होत होत्या. पूर्वी ११० कुशल कारागीर जे काम करत, ते आता १० माणसे करू लागली.

ही गोष्ट मी कारखान्यात सांगितली, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यात एक वृद्ध कारागीर बसले होते. मुले त्यांना चाचा म्हणत. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"सर, मग बाकीच्या शंभर माणसांचे काय झाले?" त्यांनी विचारले.

माझ्याजवळ उत्तर नव्हते. चाचांचा प्रश्न केवळ पोर्ट्स्मथच्या कारागिरांविषयी नव्हता. यंत्रे आली त्या दिवसापासून त्यांना वाटत होते, की आपल्या हातांचे काम संपले. पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्याच हातांची गरज पडली.

यंत्रे नव्या जागी गेली, तरी कपाटाची दारे नीट बसेनात. चाचा म्हणाले, "करवत वेगाने कापते. पण ती सरळ कापते का, हे कोणी पाहिले?"

त्यांनी प्लायवूडची एक फूट रुंद पट्टी घेतली आणि करवतीवर ती मधोमध आडवी कापून घेतली. मग एक तुकडा उलटा केला, म्हणजे वरची बाजू खाली. दोन्ही तुकडे एका सरळ फळीला टेकवून कापलेल्या कडा परत एकमेकींना भिडवल्या. काप काटकोनात असता, तर कडा पूर्ण जुळल्या असत्या. पण एका टोकाला फट दिसली. फट एक सूत होती. सुतारकामात एका इंचाचे आठ सूत धरतात. म्हणजे एक सूत सुमारे ३ मिलिमीटर.

"तुकडा उलटल्यामुळे चूक दुप्पट दिसते," चाचा म्हणाले. "म्हणजे खरी चूक अर्ध्या सुताची."

अर्धे सूत म्हणजे दीड मिलिमीटर. एवढ्याशा चुकीने काय होते? एका फुटात अर्धे सूत, तर सहा फूट उंचीच्या कपाटात तीन सूत. म्हणजे कपाट जवळजवळ एक सेंटिमीटर कलते. मग दार कसे बसेल? हाताने काम करताना कारागीर प्रत्येक फळीवर नवी रेघ मारतो. एका फळीला झालेली चूक पुढच्या फळीवर सुधारता येते. यंत्र मात्र तीच चूक शंभर फळ्यांवर तशीच उमटवते. म्हणून यंत्र चालवण्याआधी ते जुळवावे लागते.

चाचांनी आधी गुण्या तपासला. त्यांनी सरळ कडेला गुण्या टेकवून एक रेघ मारली. मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघा एक झाल्या. गुण्या खरा होता. मग त्या गुण्याने त्यांनी करवतीचे पाते पाटाशी काटकोनात आहे का, ते पाहिले. आडव्या कापासाठी लाकूड ज्या सरकत्या पट्टीला टेकवतात, तीही काटकोनात आणली. शेवटी गाईड, म्हणजे ज्या सरळ पट्टीला टेकवून ताव पुढे ढकलतात ती पट्टी, तपासली. पात्याच्या एका दाताला खडूची खूण केली. तो दात पुढे आणून गाईडपासूनचे अंतर मोजले. पाते हाताने फिरवून तोच दात मागे नेला आणि पुन्हा मोजले. दोन्ही अंतरे सारखी असली, तरच गाईड पात्याला समांतर असते. ही सर्व तपासणी करवतीची वीज पूर्ण तोडूनच केली. पहिली दोन कपाटे त्यांनी खोलली आणि त्यांचे भाग पुन्हा काटकोनात कापून घेतले.

त्यानंतर प्रत्येक कपाट जोडताना चाचा त्याचे दोन्ही कर्ण मोजत. आयताचे कर्ण समान असतात, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. कर्ण समान येईपर्यंत चाचा शिकंजा शेवटचा आवळू देत नसत.

आता मदतनिसाला मार का बसला, ते पाहू. करवतीच्या मोटरचे मिनिटाला २,८८० फेरे होत. मोटरची पुली ४ इंचांची आणि पात्याची पुली ३ इंचांची होती. म्हणून पात्याचे फेरे जास्त, म्हणजे मिनिटाला ३,८४० होत. सेकंदाला ६४. पाते ३० सेंटिमीटर व्यासाचे होते. त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर. म्हणजे पात्याचा दात सेकंदाला सुमारे ६० मीटर आणि तासाला २०० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावतो. पात्याचे पुढचे दात खाली जातात आणि लाकूड पाटावर दाबतात. मागचे दात वर येतात. त्या दिवशी ताव पलीकडे रचलेल्या प्लायवूडला अडला. कारागिराने तो जोर करून तिरका ढकलला. तिरका ताव मागच्या दातांत सापडला आणि उसळून उलट दिशेने फेकला गेला.

हे टळावे म्हणून पात्यामागे एक पातळ उभी पट्टी बसवतात. ती कापाची फट मिटू देत नाही आणि लाकूड मागच्या दातांकडे सरकू देत नाही. मिस्त्रींनी ती अडचण समजून काढून ठेवली होती. ती पुन्हा बसवली. पात्यावर झाकण लावले. अरुंद तुकडा हाताने न ढकलता काठीने ढकलायचा, पात्याच्या अगदी रेषेत उभे राहायचे नाही, सैल बाह्या किंवा हातमोजे घालून फिरत्या पात्याजवळ जायचे नाही, असे नियम ठरले.

आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. यंत्र हलवल्यावर विजेची जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. तीन फेजच्या मोटरमध्ये दोन तारांची अदलाबदल झाली, तर मोटर उलटी फिरते. जुन्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. अशा प्रकाशात वेगाने फिरणारे पाते कधी कधी संथ किंवा थांबल्यासारखे दिसते. म्हणून करवतीवर न लुकलुकणारा प्रकाश असावा. भुसा ओढून घेणारा पंखा आणि नळी यंत्राला जोडावी, तोंडावर मास्क बांधावा. लाकडाची बारीक धूळ नुसती खोकला आणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली तिला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणले आहे. हत्यारांना धार लावण्याचे चाक भुशापासून दूर असावे, कारण त्याच्या ठिणग्या उडतात. पॉलिशचे काम तर वेगळ्या खोलीतच करावे. ओल्या पॉलिशवर धूळ बसते आणि थिनर लगेच पेट घेतो.

मिस्त्रींनी काम करण्याची पद्धतही बदलली. पूर्वी ते एक कपाट पूर्ण करून दुसऱ्याला हात घालत. प्रत्येक भागासाठी गाईड पुन्हा सरकवावी लागे. प्रत्येक वेळी मापात थोडा फरक पडे. आता त्यांनी राहिलेल्या आठ कपाटांच्या भागांची यादी केली. गाईड एकदा लावली की आठही कपाटांच्या सोळा बाजू एकदम कापायच्या. मग गाईड सरकवून बत्तीस कप्पे. एकाच मापाने कापलेला कोणताही कप्पा कोणत्याही कपाटात बसू लागला.

मुलांनो, तुमच्या लक्षात आले का? सुतार ज्याला मराठीत रंधा म्हणतो, त्याला उर्दूत रंदा म्हणतात. मराठीतला गुण्या उर्दूत गुनिया होतो. कारागीर आणि कारीगर, कारखाना आणि कारखाना! भाषा बदलली, तरी कारागिरांचे शब्द एका हातातून दुसऱ्या हातात गेले आहेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दहा कपाटे शाळेत आली. तीन कप्प्यांवर पेन्सिली ठेवून पाहिल्या. एकही घरंगळली नाही. दारे सोडली तेथेच थांबली. मिस्त्रींनी यंत्रे विकली नाहीत. मदतनीस पुन्हा कामावर येऊ लागला. चाचांच्या हातात आता करवत नसते. गुण्या आणि फीत असते. रोज सकाळी ते यंत्रे तपासतात. त्यांनी मान हलवल्याशिवाय कोणी खटका दाबत नाही.

शेवटचे कपाट जागेवर ठेवल्यावर मी त्यांना म्हणालो, "चाचा, त्या दिवशी तुम्ही शंभर माणसांविषयी विचारले होते."

चाचा हसले. "माझ्यापुरते उत्तर मिळाले, सर. त्यांचे मात्र मुलांना शोधू द्या. आता त्यांच्याकडे पुस्तके ठेवायला कपाटे आहेत."

शब्दार्थ

पटाशी – लाकूड तासण्याचे व खाच घेण्याचे धारदार हत्यार
मदतनीस – कामात साहाय्य करणारा
ताव – प्लायवूडचा किंवा कागदाचा पूर्ण तुकडा
घोडी – वस्तू ठेवण्यासाठी केलेली लाकडी चौकट
कप्पी – दोर ओढण्यासाठी वापरतात ते खाचेचे चाक
गोदी – जहाजे बांधण्याची व दुरुस्त करण्याची जागा
आरमार – समुद्रावर लढणारे सैन्य
गुण्या – काटकोन तपासण्याचे साधन
सूत – इंचाचा आठवा भाग
शिकंजा – लाकूड घट्ट दाबून धरण्याचे साधन

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मिस्त्रींनी कोणती चार यंत्रे घेतली?
(आ) कारखान्याचा नकाशा कोणत्या प्रमाणात काढला?
(इ) पोर्ट्स्मथच्या गोदीत १८०८ साली वर्षाला किती कप्प्या तयार होत होत्या?
(ई) कपाट जोडताना चाचा काय मोजत?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) ३ फुटांच्या करवतीला १९ फूट मोकळी लांबी लागते.
(आ) वाकडी फळी थेट थिकनेस मशीनमध्ये घालू नये.
(इ) पॉलिशचे काम वेगळ्या खोलीत करावे.

प्रश्न ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) करवत काटकोनात कापते की नाही, हे चाचांनी कसे तपासले?
(आ) मदतनिसाला मार कशामुळे बसला?
(इ) "मग बाकीच्या शंभर माणसांचे काय झाले?" असे चाचांनी का विचारले असावे?

प्रश्न ४. खालील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
चेहरा उतरणे, हात घालणे, मान हलवणे

प्रश्न ५. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील स्वयंपाकघराचा नकाशा आलेखाच्या कागदावर काढा. चहा करताना घरातील माणसे कोठून कोठे जातात, ते दोऱ्याने दाखवा. कोणती वस्तू हलवली तर दोरा कमी लागेल, ते लिहा.